पोचा काढायचा की पत्रा बदलायचा?

गाडीला पहिला पोचा हमरस्त्यावर क्वचितच पडतो. तो पडतो घरासमोर, मंगल कार्यालयाच्या आवारात नाहीतर आठवडी बाजाराच्या गर्दीत. शेजारच्या मोटारसायकलचं हँडल दाराला टेकतं, म्हशीचं शिंग घासून जातं, गल्लीतल्या पोराची सायकल येऊन बंपरवर आपटते. कुणाला लागलेलं नसतं, इंजिनाला काही झालेलं नसतं, गाडी कालच्यासारखीच पळत असते. तरी मालक दिवसातून चार वेळा खाली जाऊन त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवून येतो. मग शोध सुरू होतो. कुठे दाखवायची? कंपनीच्या वर्कशॉपला की रस्त्याकडेच्या मेस्त्रीला?

सांगलीतल्या माणसाला हा प्रश्न पडला की त्याची गाडी बरेचदा माधवनगर रस्त्याला लागते. हा तासगावकडे जाणारा रस्ता. वसंतदादा साखर कारखाना याच रस्त्यावर आहे. पुढे माधवनगर आणि त्याला चिकटून बुधगाव, म्हणजे मिरज धाकट्या पातीच्या पटवर्धनांची जुनी राजधानी. एका अंगाला कुपवाडची एमआयडीसी. ऊस, यंत्रमाग, कारखाने, कॉलेजची पोरं आणि द्राक्षाच्या पेट्या, सगळं याच पट्ट्यातून येतं-जातं. चिंतामणीनगरचा जुना रेल्वेपूल पाडून नवा होईपर्यंत इथली वाहतूक गल्लीबोळांतून फिरत होती. त्या काळात किती आरसे मोडले आणि किती दारं घासली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर लागतात आणि मोळीतून बाहेर आलेलं वाढं शेजारून जाणाऱ्या गाडीच्या अंगावर रेघा ओढून जातं. उसाच्या रेघा आणि हँडलचे पोचे, या भागातल्या गाड्यांची ही दोन नेहमीची दुखणी.

रेघेचा निकाल सोपा आहे. अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर रेघ वरच्या पारदर्शक थरातच, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने ती जाते किंवा निदान दिसेनाशी होते. नख अडकलं तर रेघ रंगापर्यंत गेली. खाली राखाडी प्रायमर किंवा चकचकीत पत्रा दिसला तर पावसाळ्याच्या आत तिथे काहीतरी लावलंच पाहिजे, नाहीतर गंज धरतो. पोच्याचं मात्र असं एका नखात भागत नाही.

माधवनगरच्या अलीकडे पत्र्याच्या एका शेडमध्ये दुपारी एका पांढऱ्या हॅचबॅकचं मागचं दार उघडून ठेवलं होतं. दारावर ताटाएवढा उथळ खळगा आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन बोटं लांबीची घडी. रंग कुठे फुटलेला नव्हता. मेस्त्री पन्नाशी ओलांडलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पहिल्यांदा हातोडी मागितली नाही, पाण्याची बादली मागितली. दार धुऊन पुसून काढलं, मग पातळ फडकं तळहाताखाली धरून हात पत्र्यावरून सरळ लांब फिरवला. फडक्यामुळे हात घसरत जातो आणि चढ-उतार नीट कळतो. त्यानंतर हातातली ट्यूबलाइट दाराशी आडवी धरली. पत्र्यात उमटलेली प्रकाशाची पट्टी खळग्याजवळ येऊन वाकत होती आणि त्याच्या कडेला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पुन्हा फुगत होती.

हाताखालचा पोरगा एव्हाना रबरी हातोडी घेऊन आतल्या बाजूने खळग्याच्या मध्यावर मारायच्या बेतात होता. मेस्त्रींनी त्याचा हात धरला. "मधी मारू नको लेका. कड सोडव आधी."

या एका वाक्यात पोचे काढायची निम्मी विद्या आली. ताटाएवढ्या खळग्यात मधला पत्रा बहुतेक वेळा बिघडलेला नसतोच. तो नुसता आत दबलेला असतो आणि सुटला की परत यायला तयार असतो. त्याला अडवून धरते ती भोवतालची कड. धक्का बसताना पत्रा कडेला दुमडतो, आपल्या लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे जातो आणि तिथेच कडक होऊन बसतो. बुधगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा विश्रामबागेतल्या वालचंदमध्ये याला यील्ड पॉइंट आणि वर्क हार्डनिंग म्हणून शिकवतात, आलेख काढून. शेडमधल्या पोराला ते हात धरून शिकवलं जातं, इतकाच फरक. मध्यावर जोर केला तर कड तशीच राहते आणि मधला धड पत्रा मात्र ताणला जातो. ताणलेला पत्रा म्हणजे वाढलेला पत्रा. त्याला आता आपल्या जागेत मावता येत नाही. मग पातेल्याच्या पातळ झाकणासारखा तो 'टक' करून आत आणि 'टक' करून बाहेर येत राहतो, एका जागी थांबत नाही. एक सरळ पोचा घेऊन आलेला मालक असा लपकणारा दरवाजा घेऊन परत जातो, आणि दोष मात्र बहुतेकदा 'हल्लीच्या पातळ पत्र्याला' दिला जातो.

दाराचं पॅड उतरवलं, आतला प्लॅस्टिकचा पडदा अलगद सोडवला. काच वर ठेवली. मेस्त्रींनी एक हात आत घालून मधल्या पत्र्याला नुसता तळहाताचा आधार दिला आणि बाहेरून लाकडी मोगरीने कडेच्या फुगीर रेषेवर हलके ठोके सुरू केले. मोगरीला कापड गुंडाळलेलं. ठोका एका जागी दोनदा नाही, खळग्याभोवती फिरत फिरत. पाचेक मिनिटांत एक बारीक आवाज झाला आणि ताटाएवढा खळगा आपला आपण बाहेर आला. उरली ती दोन बोटांची घडी, आणि तिने दीड तास खाल्ला. टोकाला बोथट केलेली एक वाकडी सळई दाराच्या खालच्या भोकातून आत गेली, मेस्त्री ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाकडे पाहत राहिले आणि सळईचं टोक घडीखाली मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवत रेटत राहिले. पत्र्याकडे बघून नव्हे, त्यातल्या प्रकाशाच्या पट्टीकडे बघून. पट्टी सरळ झाली तेव्हा काम संपलं. ना लांबी भरली, ना रंग मारला.

परदेशात या पद्धतीला आज स्वतंत्र धंद्याचं रूप आहे. रंग न लावता पोचे काढणं, म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर, थोडक्यात पीडीआर. त्याची मोठी कमाई गारपिटीतून येते. गारांचे शेकडो बारीक खळगे छतावर आणि बॉनेटवर पडतात, रंग मात्र फुटत नाही. अशा वेळी गाडी रंगवण्यापेक्षा ते एकेक करून मागून ढकलणं स्वस्त पडतं. आपल्याकडे 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली तेव्हा बातम्या द्राक्षांच्या, गव्हाच्या आणि ज्वारीच्या होत्या, आणि त्या तशाच असायला हव्या होत्या. गाडीच्या छताचं कुणाला पडलं होतं! मोठ्या शहरांत आता पीडीआरचे संच मिळतात: चाळीस-पन्नास प्रकारच्या सळया, रेघांचे दिवे, मागून हात पोचत नसेल तर गरम गोंदाने चिकटवून बाहेर ओढायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या. माधवनगर रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये यातलं काहीच नव्हतं. सळया भंगारातून निवडून घासलेल्या होत्या.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रंगाला तडा गेला असेल तर ती बाद. दाराची धार, चाकावरची कमान, पत्र्याच्या अगदी कडेचा भाग, जिथे दोन पत्रे एकात एक दुमडलेले असतात, तिथे सळई जात नाही आणि गेली तरी जोर लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट असेल तर ते पोलादासारखं परत यायला बघत नाही. आणि मोबाइलवर दिसणारे ते जादूचे व्हिडिओ, केस वाळवायचं यंत्र फिरवा, वर बर्फ लावा, पोचा गायब, पोलादी पत्र्यावर वेळ घालवण्यापलीकडे फारसे कामाचे नाहीत. उकळतं पाणी मात्र प्लॅस्टिकच्या बंपरवर खरंच चालतं. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो, गरम झाला की मऊ पडतो, आतून दाबला की जागेवर येतो आणि थंड पाणी ओतलं की तसाच राहतो. हा उपाय घरी करायला हरकत नाही. हात भाजून घेऊ नका म्हणजे झालं.

आता दुसरी बाजू. रंग फुटलेला आहे आणि पत्रा आत गेलेला आहे. इथून डेंटिंग-पेंटिंग या जोडशब्दातलं खरं काम सुरू होतं. जुनी रीत म्हणजे एका हातात हातोडी, पत्र्यामागे दुसऱ्या हातात डॉली नावाचा लोखंडी गोळा. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातल्या मेस्त्रींचे हात यावरच तयार झाले. ताणला गेलेला पत्रा गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा लाल करून, भोवती ठोकून, वरून ओलं फडकं दाबून आवळून घ्यायचा. हे काम पाहायला जादूसारखं दिसतं. आज ते जपून करावं लागतं, कारण नव्या गाड्यांच्या सांगाड्यात उच्च ताकदीचं पोलाद असतं आणि ज्योत लागली की त्याची ताकद जाते. बाहेरचा पत्राही पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तो पातळ आहे म्हणून कच्चा आहे असं नाही. बऱ्याच गाड्यांत हा पत्रा असा निवडलेला असतो, की कारखान्यात रंगाच्या भट्टीत 170 अंशांच्या आसपास तापला की तो आणखी टणक होतो.

मागून हात पोचत नाही तिथे आज यंत्राने पत्र्यावर छोट्या वॉशर वेल्ड करून चिकटवतात, त्यात आकडा अडकवून सरकत्या हातोडीने बाहेर ओढतात, मग वॉशर पिळून काढून जागा घासतात. काम झटपट होतं. पण प्रत्येक वॉशरमागे, दाराच्या आतल्या अंगाला, कारखान्यातला गंजरोधक थर जळून एक काळा ठिपका राहतो. त्यावर आतून मेण किंवा गंजरोधक फवारा मारायचा असतो. तो मारला की नाही हे गाडीचा मालक कधी विचारत नाही, मग मारलाही जात नाही. दोन पावसाळे उलटले की रंगाला फोड येतात आणि मालक म्हणतो, रंगारी वाईट होता.

मग लांबी. पॉलिस्टर लांबी आणि तिचं हार्डनर, साधारण शंभराला दोनच्या प्रमाणात. उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात किंचित जास्त. हार्डनर जास्त पडलं तर लांबी लवकर धरते खरी, पण पुढे रंगातून डाग वर येतात. चांगल्या कामात लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत असतो. ती पत्रा बाहेर काढून झाल्यावर उरलेली ऊन-सावली भरण्यासाठी असते, खड्डा बुजवण्यासाठी नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही बोटभर जाडीच्या लांब्या भरलेल्या गाड्या रस्त्यावर फिरत आहेत, कारण पत्रा काढायला चार तास लागतात आणि लांबी भरायला वीस मिनिटं. जुनी गाडी घेणारे दलाल म्हणूनच खिशात लोहचुंबक ठेवत असत. आता रंगाची जाडी मोजणारं यंत्र ठेवतात. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा. यंत्राने चारशे दाखवले की गाडीचं दार एकदा रंगवलेलं आहे, आणि आकडा हजारावर गेला की आत लांबी आहे. मग किंमत उतरते.

रंगाच्या बाबतीत आपण सारे आशावादी. 'कंपनीसारखा रंग होईल ना?' हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो आणि 'एकदम कंपनीसारखा, साहेब,' हे उत्तर प्रत्येक गॅरेजात मिळतं. ते खरं नाही, आणि त्यात रंगाऱ्याचा दोष नाही. कारखान्यात सुटी बॉडी, काच-रबर-वायरिंग बसवायच्या आधी, बुडवून गंजरोधक थर चढवतात आणि वरचे रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडी तेवढ्या तापमानाच्या भट्टीत घालता येत नाही. वर्कशॉपच्या चांगल्या बूथमध्येही 60 ते 80 अंशच मिळतात आणि शेडमध्ये सांगलीचं ऊन. म्हणून दुरुस्तीचा रंग वेगळ्या रसायनाचा असतो, हार्डनर घालून पक्का होणारा. त्यापूर्वी नायट्रोसेल्युलोजचे रंग होते. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने 1923 मध्ये ड्युको आणला आणि गाड्या रंगवून वाळवायला लागणारा आठवड्यांचा काळ तासांवर आला. कंपनीचं ते नाव आपल्याकडे फर्निचरच्या दुकानापर्यंत पोचलं. ड्युकोच्या काळातले रंगारी जुलै-ऑगस्टमध्ये काम घ्यायला कां-कूं करत, कारण दमट हवेत थिनर उडताना रंगावर ओल धरते आणि तो दुधाळ पडतो.

छटा जुळवणं हा आणखी वेगळा खेळ. गाडीवर रंगाचा कोड लिहिलेला असतो, दुकानदार यंत्रावर तो रंग करून देतो. पण पाच वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा रंग आता त्या कोडचा राहिलेला नसतो. रंगारी पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वाळवून, दाराशी धरून पाहतो आणि थेंबाथेंबाने काळा किंवा पिवळा वाढवतो. सर्वांत वैताग चंदेरी मेटॅलिकचा. त्यातल्या बारीक चकत्या हवेचा दाब आणि बंदुकीचं अंतर बदललं की वेगळ्या पडतात. रंग तोच, पण तिरकं पाहिलं की दार काळपट दिसतं. त्यामुळे हुशार रंगारी एकच दार रंगवून थांबत नाही, छटा शेजारच्या पत्र्यावर विरत नेतो. म्हणजे एका रुपयाएवढ्या खळग्यासाठी दोन-तीन पत्र्यांवरचा मूळ रंग झाकला जातो. हे माहीत झालं की त्या मेस्त्रींच्या दीड तासाची किंमत कळते.

हा रंग फवारणाऱ्याच्या फुप्फुसांबद्दल कुणी बोलत नाही. हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट असतात आणि त्यांनी दमा जडतो. एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून यातलं काही अडत नाही. त्याला गाळणीचा योग्य मास्क लागतो, किंवा त्याहून बरं म्हणजे बाहेरून हवा पुरवणारा. शेडमधल्या रंगाऱ्याच्या तोंडाला रुमालच होता.

पैशांचं गणित कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वेगळ्या दिशेने फिरतं. तिथे डेंटरचा वेळ महाग आणि नवं दार कागदावर सोपं. विमा आहे, मग बदलून टाका, असा सल्ला सहज मिळतो. मालकाला वाटतं, आपलं काय जातं? जातं. पहिली गोष्ट, 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेमचे 1000 रुपये स्वतः भरावे लागतात, त्यावरच्या गाडीला 2000. झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते आणि रंगाच्या सामानाचीही निम्मी रक्कम जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट. क्लेम न केलेल्या वर्षांगणिक तो 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के होतो. एक क्लेम केला की शून्य.

हिशेब मांडून पाहा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसपूर्वी 8000 रुपये धरा. 50 टक्के बोनस असलेला माणूस 4000 भरतो. क्लेम केल्यावर पहिल्या नूतनीकरणाला 8000, पुढे 6400, 6000, 5200, 4400 आणि मग परत 4000. हप्ता तसाच राहिला असं धरलं तर पाच वर्षांत जादा गेले 10000 रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल. काही पॉलिसींत बोनस राखायचं जादा कलम घेता येतं, ते असेल तर गोष्ट वेगळी. ते नसेल तर दोन-अडीच हजारांच्या पोच्यासाठी क्लेम करणं हा घाट्याचा सौदा आहे. मोठ्या अपघातासाठी विमा आहे, तिथे तो खुशाल वापरावा.

माधवनगर रस्त्यापासून जवळच मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी शिकलगार घराणी आहेत. त्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे आणि पारजणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सरलं तशी ती मंडळी वाद्यांकडे वळली, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. हाताचं कौशल्य धंदा बदलून जगतं याचा दाखला असा शेजारीच आहे. डेंटरच्या हाताला मात्र मानांकन कोण देणार? आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. तरी दहावी झालेल्या पोराला ऑटोमोबाइलमध्ये जायचं तर स्कॅनर लावून गाडी तपासायची असते, दारात हात घालून तासभर सळई रेटायची नसते. त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही. सुटा भाग बदलणाऱ्याला आणि पत्रा सरळ करणाऱ्याला आपण जवळजवळ सारखेच पैसे देतो, उलट पत्रावाल्याशीच जास्त घासाघीस करतो, कारण त्याने 'काहीच लावलं नाही'.

दिवाळीत गाडी धुताना दारावर खळगा सापडला तर एवढं करा. रंग फुटलाय का ते आधी पाहा. फुटला नसेल तर रंगाचा विषय काढणाऱ्याला नमस्कार करून मागून पोचा काढणारा मेस्त्री शोधा. फुटला असेल तर लांबी भरण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः डोळ्यांनी पाहायला जा आणि आतून गंजरोधक मारला का ते विचारा. मजुरी ठरवताना सामान वेगळं आणि हात वेगळा धरा. आणि रंगाऱ्याच्या तोंडाला रुमाल दिसला तर बिलात एका चांगल्या मास्कचे पैसे आपण होऊन घाला.